चोळमंडलाचा किनारा आणि तंजावरची मराठी

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचे वर्णन मुख्य प्रवाहापासून तुटलेले बेट असे करण्याची प्रथा पडली आहे. त्या प्रांताचा भूगोलच या वर्णनाच्या विरोधात जातो. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले, तेव्हा तरंगमबाडीत डेन आणि नागपट्टणात डच ठाण मांडून होते. १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती व देवालये तमिळ जनतेची होती; किनाऱ्यावर मच्छीमार आणि सागरी व्यापारात मुरलेले तमिळभाषक मरक्कायर मुसलमान राहत. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार उभा राहिला तो प्रतापसिंह भोसल्यांच्या आश्रयाने.

अशा प्रांतात मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा असली तरी एकटी नव्हती. शास्त्रचर्चेला संस्कृत होती, मोडी दप्तर मराठीत चाले, आणि दरबारी काव्य-नाट्याची तेलुगू परंपरा नायक राजांकडून वारशाने आली होती. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४-१७१२) हा वारसा मोडला नाही. स्वतः तेलुगूत यक्षगाने रचली. त्यांच्या नावावरील ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी एकाच रंगमंचावर येतात.

या पार्श्वभूमीवर ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या नाटकाविषयीचा वाद पाहावा लागतो. ते आद्य मराठी नाटक ठरल्यास विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’चा मान दीडशे वर्षांनी मागे सरकतो, एवढ्यावरच बहुधा चर्चा थांबते. वस्तुतः तंजावरच्या नाटकाचा घाट यक्षगानाचा आहे; आणि भाव्यांच्या प्रयोगामागेही १८४२ मध्ये सांगलीस आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ होते. दोन्ही ठिकाणी मराठी नाटक दाक्षिणात्य प्रयोगपरंपरेच्या संपर्कातून घडले. अग्रमानाच्या हिशेबात नेमकी ही गोष्ट निसटते, आणि तुलनाकारासाठी तीच मोलाची आहे.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजींकडे किल्ला आणि ग्रंथसंग्रह उरला. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्या देवळाच्या भिंतींवर तोपर्यंत आठशे वर्षे चोळांचे तमिळ लेख होते.