झाडाचे मूळ, फळाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. फळझाडाबाबत मात्र अशी मनाई कोणी केलेली नाही. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न हरघडी विचारला जातो. तोच प्रश्न परसातल्या पेरूला, बांधावरच्या चिंचेला आणि बाजारातल्या डाळिंबाला विचारून पाहावा, असे आम्ही ठरवले.

प्रवासी इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्थानात आला. पुढे तो दौलताबादेतही राहून गेला. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने केली आहे. आंबा, जांभूळ, टेंभुर्णी, मोह यांची वर्णने त्याच्या सफरनाम्यात आहेत. गळून पडलेल्या कैऱ्यांना मीठ लावून लोक लोणचे घालतात, हेही तो सांगतो. जमिनीलगत लागणाऱ्या फणसाला तो 'बरकी' म्हणतो. कोकणातल्या वाचकाला इथे 'बरका' आठवल्याशिवाय राहणार नाही. शब्द तोच की नुसताच सारखा, याचा निवाडा भाषापंडितांनी करावा.

बतूताच्या यादीत पेरू, सीताफळ, पपई, अननस आणि काजू नाहीत. ही मंडळी अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली, असे अभ्यासक मानतात. मोगल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अननसाला फिरंग्यांच्या बंदरांवरून आलेले फळ म्हणतो आणि आग्ऱ्याच्या गुलअफशाँ बागेत ते हजारोंनी पिकते, हे कौतुकाने सांगतो.

पेरूची गंमत त्याच्या नावात आहे. पोर्तुगीजांच्या भाषेत 'पेरा' म्हणजे नाशपाती. फारसीत 'अमरूद' म्हणजेही नाशपातीच. दोघांनीही नव्या फळाला आपल्या ओळखीच्या फळाचे नाव दिले. मराठीने एकाचे नाव घेतले, उर्दूने दुसऱ्याचे. मराठवाड्याने त्याला जांब म्हटले, दखनीने जाम. झाड चिवट. हलक्या जमिनीत तग धरते, पाण्याचा ताण सोसते. त्यामुळे दोन हात अंगण असलेल्या गरिबाच्या दारातही ते उभे राहिले.

सीताफळाने त्याहून मोठी मजल मारली. मुरमाड डोंगरउतारावर, जिथे दुसरे काही धड येत नाही, तिथे हे झाड येते. त्याच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाशिवाय ते वाचते. बालाघाटाच्या डोंगरांत आणि दौलताबादच्या परिसरात ते असे रुजले की लोकांनी त्याला सीतेचे नाव दिले आणि त्याच्या भावंडाला रामाचे. ते परदेशी आहे हे आज कोणाच्या ध्यानीमनीही नसते. उलट चिंचेला अरबांनी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदी खजूर म्हटले. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते तिचे माहेर आफ्रिका आहे.

मूळ खोदून काढण्याचा सोस माणसाला कुठवर नेतो, याचे एक उदाहरण याच इतिहासात आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारातही त्याची ऊठबस होती. इथली झाडे, फळे आणि औषधी यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेटावरच्या आपल्या आंब्याला वर्षात दोनदा फळ येते, असे त्याने त्यात लिहिले आहे. १५६८ साली तो वारला. त्याचे घराणे मूळचे ज्यू. तो गुप्तपणे ज्यू धर्मच पाळत होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे कबरीतून उकरून काढली आणि जाळली. आपल्या झाडांची इतक्या मायेने विचारपूस करणाऱ्या माणसाला मेल्यानंतरही मुळाचा जाब द्यावा लागला.

आंबा तर इथलाच, यात वाद नाही. पण कोय लावून उगवलेल्या रायवळ झाडाचे फळ आईच्या फळासारखे निघेलच याची खात्री नसते. म्हणून गावोगाव शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या अशी झाडागणिक नावे पडली. एकाच चवीची शंभर झाडे हवी असतील तर कलमच बांधावे लागते. कलमाची विद्या जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ती सांगितली आहे आणि बाराव्या शतकातल्या सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम याच्या शेतीग्रंथातही तिचा मोठा विस्तार आहे. गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी आंब्यावर कलमे बांधली आणि आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून हापूस आला, असे मानतात. त्या हापूसची काडी आजही रायवळाच्या खुंटावर बांधली जाते. पाणी खुंट पुरवतो, चव काडी ठरवते.

डाळिंबाची कथा ताजी आहे. हे झाड इराण आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदीच्या डाळिंबांतून निवड करून 'गणेश' हा वाण पुढे आला. त्याचे बी मऊ, पण दाणा फिकट. 'गुलेशाह रेड' या परदेशी वाणाचा दाणा गडद लाल, पण बी टणक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या दोघांचा संकर झाला. त्याच्या संततीतून निवडलेल्या वाणाला नाव मिळाले 'भगवा'. सोलापूर-नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यात या डाळिंबाने अनेक संसार उभे केले. गणेश आणि गुलेशाह यांचे हे लेकरू मंडईत घेताना त्याचे कूळ कोणी विचारत नाही.

'बाग', 'बागायत', 'मेवा' हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. 'कलम'ही तसाच. अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. मराठीने लेखणीलाही तो शब्द ठेवला आणि बांधलेल्या झाडालाही. मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांच्या हाती ही दोन्ही कलमे आहेत. आमच्या गावांत दर्ग्यांच्या, मशिदींच्या आणि कबरस्तानांच्या आवारात जुने आंबे आणि चिंचा उभ्या आहेत. ती कोणी लावली, गाव त्यांना कोणत्या नावाने हाक मारते, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. रस्तारुंदीत झाड गेले की नावही जाते. आपापल्या गावातल्या अशा एकेका झाडाची हकिकत वाचकांनी लिहून काढावी. आमचे मूळ विचारणाऱ्याला दाखवायला त्याहून चांगला कागद आम्हाला सुचत नाही.