तिसऱ्या शिफारसपत्राचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जासोबत आज सामान्यतः शाळेच्या समुपदेशकाचे एक आणि विषयशिक्षकांची एक-दोन शिफारसपत्रे लागतात. त्यांपलीकडे आणखी एखादे पत्र जोडावे की नाही, हा प्रश्न अर्जदारांना दरवर्षी पडतो. मात्र पत्रांना मुळात हे वजन कसे आले, याचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे फारसा जात नाही आणि तो सर्वस्वी निर्मळही नाही.

मिशिगन विद्यापीठाने १८७१ पासून प्रमाणपत्र पद्धत, म्हणजे तपासून मान्य केलेल्या शाळेच्या दाखल्यावर प्रवेश देण्याची रीत, सुरू केली, तर पूर्वेकडील जुन्या महाविद्यालयांचा भर प्रवेशपरीक्षेवर राहिला आणि त्यासाठी १९०१ पासून कॉलेज बोर्डाच्या सामाईक परीक्षा होऊ लागल्या. पात्र ठरलेल्याला बहुधा जागा मिळतच असल्याने विद्यार्थ्याच्या स्वभावाची चौकशी करण्याचे फारसे कारण नव्हते.

ते कारण पहिल्या महायुद्धानंतर निर्माण झाले. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९२२ च्या सुमारास एक पंचमांशाच्या आसपास पोहोचले, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी उघड मर्यादा घालण्याचा विचार मांडला. त्यावर गदारोळ झाला आणि तो मार्ग बंद झाला. तरीही त्याच वर्षीच्या नव्या अर्जात वडिलांचे वा स्वतःचे नाव जन्मानंतर बदलले आहे काय, असे विचारले गेले आणि शाळेने भरावयाच्या नमुन्यात विद्यार्थ्याच्या धर्माचीही नोंद मागितली गेली. पुढे १९२६ मध्ये पहिल्या वर्षाची संख्या एक हजारावर रोखून ‘शील’ हा निकष पुढे आणण्यात आला, आणि शील परीक्षेत मोजता येत नसल्याने दुसऱ्याने दिलेल्या साक्षीला आपोआप मोल चढले.

पत्राचा उपयोग केवळ दार लावण्यासाठी झाला, असे मात्र म्हणता येत नाही. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना भीमराव आंबेडकरांविषयी लिहिले, ते आपल्या विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिलेल्या अध्यापकाचे पत्र होते.

अमेरिकेतील १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्यांना स्वतःविषयीच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा अधिकार दिला, पण शिफारसपत्रांपुरता तो लेखी सोडून देण्याची मुभाही ठेवली, आणि पत्र मोकळेपणाने लिहिले जावे म्हणून अर्जदार आजही बहुधा तो सोडतात. १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ हा सामाईक अर्ज आणला. त्याच्या आजच्या रूपात किती जादा पत्रे चालतील, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते.

फाइल जितकी जाड तितका विद्यार्थी मठ्ठ, अशा अर्थाची एक थट्टा प्रवेश कार्यालयांत जुनी आहे, आणि ती अगदीच अन्यायाची नाही. प्रयोगशाळेत, वाद्यवृंदात किंवा नोकरीत अर्जदाराला पाहिलेली व्यक्ती वर्गशिक्षकाला न दिसलेले काही सांगू शकत असेल, तरच तिसरे पत्र सार्थ ठरते. ओळखीच्या बड्या माणसाचे पत्र ही शिफारस नसून आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात तोच प्रकार होय. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर पदवीच्या प्रवेशअर्जासोबत सरसकट एकही पत्र मागत नाही.