दहा हजार ठिपके

आजकाल चार तरुण एकत्र जमले की बोलणे हटकून कॅमेऱ्यावर येते. कोणाच्या फोनला किती मेगापिक्सेल, कोणाची लेन्स किती लांबचे टिपते, अंधारात कोणाचे चित्र स्वच्छ येते, यावर माझ्या वर्गातील मुले मोठ्या तन्मयतेने वाद घालतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष ठिपके, हा हिशेबही ती अशा वेळी बिनचूक सांगतात! या हौसेला मी नावे ठेवीत नाही. मात्र ही हौस फार जुनी आहे आणि तिच्या इतिहासात आपणांस घेण्यासारखे काही आहे, तेवढे सांगावेसे वाटते.

१८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाची पेटी विक्रीस आणली. किंमत २५ डॉलर. आत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात धाडावयाचा. चित्रे छापून व नवी गुंडाळी भरून तो परत येई. तोपर्यंत छायाचित्रण म्हणजे काचा, रसायने आणि अंधारी खोली. ही सारी यातायात ईस्टमन यांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरविली. १९०० साली त्यांच्या कंपनीने एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि चित्र घेणे लहान मुलांच्याही हाती आले.

नवल असे की, पुढे फिल्मची गरजच संपविणारा कॅमेराही याच कंपनीत जन्मला. प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून त्याची नोंद घेता येईल अशी सी.सी.डी. ही रचना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधून काढली होती. तिच्या आधारे १९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने एक कॅमेरा जुळविला. वजन साडेतीन किलोंहून अधिक. चित्रात ठिपके अवघे १०,०००, तेही काळेपांढरे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत आणि ते पाहावयाचे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर! वरिष्ठांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. कालांतराने कंपनीने असे कॅमेरे विकलेही. परंतु तिची मोठी मिळकत फिल्मवर होती, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दरम्यान १९९७ साली कॅलिफोर्नियात फिलिप कान यांनी कॅमेरा, लॅपटॉप व मोबाइल फोन एकमेकांस जोडून आपल्या नवजात कन्येचे चित्र दूरदूरच्या आप्तेष्टांना पाठविले होते. आज ते सारे सामान एका खिशात मावते.

याच्या शेजारी आपल्या मुलखातील एक उदाहरण ठेवू. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रण आत्मसात केले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांचा जड कॅमेरा आणि काचा आजच्या मुलांना ओझे वाटतील. परंतु आपल्या कित्येक काचांवर ते क्रमांक व स्थळाचे नाव घालीत. १९०५ साली ते निवर्तले. शतक उलटून गेल्यावरही ती चित्रे कोठली, हे आपणांस त्यामुळेच सांगता येते.

आमच्या शेजारी एक वृद्धा वारल्या. महिन्याच्या मिस्सेसाठी त्यांची तसबीर हवी होती. मुलाच्या फोनमध्ये आईची शेकडो चित्रे होती. पण तो फोन पाण्यात पडून कायमचा बंद झाला होता आणि दुसरीकडे कोठेही प्रत ठेवलेली नव्हती. अखेर ट्रंकेच्या तळाशी लग्नाआधीचा एक पिवळट फोटो सापडला. मागील बाजूस शाईने बाईंचे नाव, गाव आणि साल लिहिलेले होते. वेदीजवळ तोच ठेवण्यात आला. नातवंडांनी आजीचे माहेरचे नाव त्या दिवशी प्रथम वाचले.

म्हणून माझी विनंती एवढीच. हौसेने कॅमेरे घ्या, मनसोक्त चित्रे काढा. परंतु महिन्याकाठी त्यांतील चार-दोन निवडून कागदावर छापून घ्या, बाकीच्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि छापलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर कोण, कोठे व केव्हा, हे आपल्या हाताने लिहा. घरातील वडीलधारी माणसे ती नावे सांगू शकतात, तोवरच हे काम उरकलेले बरे.