पानाखालची टीप आणि पुस्तकाच्या शेवटची टीप

पौडहून ताम्हिणीच्या वाटेला लागले की काही वेळाने उजव्या-डाव्या अंगाला मुळशीचे पाणी दिसू लागते. या पाण्याखाली गावे आहेत, हे त्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण किती गावे, असे विचारा. एक जण सांगेल बावन्न, दुसरा सांगेल चोपन्न. छापील पुस्तकांतही दोन्ही आकडे सापडतात. आता तुम्ही शिक्षक आहात आणि वर्गात फळ्यावर हा आकडा लिहायचा आहे. कोणता लिहाल?

पुष्कळांना वाटेल, जे पुस्तक जाड, त्याचा आकडा खरा. तसे नाही, बरे का. ज्या पुस्तकाने आकड्याशेजारी एक बारीक खूण केली आहे आणि त्या खुणेसमोर 'हे कोठून घेतले' ते सांगितले आहे, ते पुस्तक आधी उघडावे. कदाचित एकाने पूर्ण बुडालेली गावे मोजली असतील, दुसऱ्याने ज्यांची थोडी शेते गेली तीही धरली असतील. हा उलगडा फक्त टीपेतच होऊ शकतो. म्हणून आज मी तुमच्याशी टीपेविषयी बोलणार आहे.

टीप दोन ठिकाणी बसते. पानाच्या तळाशी बसली तर ती तळटीप. प्रकरणाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी सगळ्या एकत्र बसवल्या तर त्या शेवटच्या टीपा. मराठीत इतिहासाची कागदपत्रे छापण्याचे काम १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने नेटाने सुरू केले. काशिनाथ नारायण साने यांनी त्यात बखरी छापल्या आणि त्यांना टीपा जोडल्या. पुढे १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पत्राची तारीख कोणती, पत्रातला माणूस कोण, हे टीपेत सांगण्याची शिस्त या मंडळींनी आपल्याला लावली.

पण या शिस्तीचा भार कोणावर पडे? छापखान्यातल्या जुळाऱ्यावर. देवनागरीच्या खिळ्यांची पेटी म्हणजे शेकडो खणांची. काना, मात्रा, जोडाक्षरे, सगळ्यांचे खिळे वेगळे. त्यातून तो एकेक ओळ जुळवी. टीपेसाठी पुन्हा बारीक खिळे, वेगळी पेटी. पान बांधून झाले आणि लेखकाने मुद्रितात दोन ओळी वाढवल्या, की शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जात. त्यांतल्या शब्दावर टीपेची खूण असेल तर टीपही उचलून पुढे न्यावी लागे. मग पुढचे पान फुगे, त्याच्या पुढचेही. एका शब्दापायी दहा पाने सोडून पुन्हा बांधायची वेळ येई. शेवटच्या टीपा यातूनच सोयीच्या वाटू लागल्या. पाने हलोत, टीपा आपल्या जागी मागेच राहतात. मुद्रकाची सोय झाली. वाचकाला मात्र दोन बोटे दोन ठिकाणी ठेवून वाचावे लागले.

या दोन्ही जागांचा विचारपूर्वक उपयोग कसा करावा, याचा मोठा धडा आपल्याच पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पुरे झाले. १९ खंड झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत प्रमुख संपादक होते. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. प्रत्येक हस्तलिखितात काही शब्द निराळे, काही श्लोक जास्तीचे. ते ठेवायचे कोठे?

त्यांनी पानाची वाटणी केली. वरच्या भागात सर्वांत जुना ठरणारा पाठ. खाली बारीक अक्षरांत निरनिराळे पाठभेद. मागाहून भरलेले थोडके श्लोक तारकेची खूण देऊन तेथेच खाली घेतले. जे लांबलचक भाग होते ते खंडाच्या शेवटी परिशिष्टात नेले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. या आवृत्तीत ती मूळ पाठात नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. म्हणजे काढून टाकली का? नाही. ती कोणत्या हस्तलिखितांत सापडते, तेही सांगून ठेवली आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नसेल, त्याला त्याच पुस्तकात निर्णय तपासून पाहता येतो. शेवटच्या टीपेचा हा खरा धर्म आहे. ती अडगळीची खोली करू नये.

आता शिशाचे खिळे गेले आणि संगणक आला. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड कनूथ यांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून वाईट वाटले. अक्षरजुळणी त्यांच्या मनासारखी नव्हती. त्यांनी स्वतःच जुळणीची 'टेक' नावाची प्रणाली तयार केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढल्या दशकात तिच्यावर 'लाटेक' उभारली. आज तिच्यात देवनागरीही छापता येते. तिची टीपेची रीत समजून घेण्यासारखी आहे. लेखक टीपेला आकडा देतच नाही. ज्या वाक्याला टीप हवी, त्या वाक्यातच 'येथे टीप' अशी आज्ञा लिहून मजकूर ठेवतो. यंत्र मजकूर वाचत जाते, आकडा स्वतः घालते आणि टीप एका वेगळ्या फाइलीत साठवते. 'आता टीपा छाप' अशी आज्ञा जेथे असेल, तेथे ती सगळी फाइल ओतते. मधे नवी टीप घातली तर पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. नेहमीच्या टंकलेखनाच्या प्रणालींतही अशी सोय असते.

मात्र यंत्राला न सांगितलेले कळत नाही. टीपा छापण्याची आज्ञा विसरली तर मजकुरात आकडे दिसतात आणि शेवटी एकही टीप नसते. प्रत्येक प्रकरणात आकडे पुन्हा एकपासून हवे असतील, तर तेही सांगावे लागते.

आणि यंत्राचा उपयोगच केला नाही तर काय होते, ते माझ्यावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मुळशीतल्या काही शिक्षकांनी धरणाच्या आठवणी गोळा केल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावे आपण जाणतो; पण त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या मावळ्यांची नावे घराघरांतच राहिली. ती लिहून ठेवावी, हा हेतू. मजकूर नीटनेटका करण्याचे काम माझ्याकडे आले. मी टीपांचे आकडे हाताने घातले. अगदी शेवटी मोबदल्याविषयी एक परिच्छेद आला. त्याची टीप मी मागच्या यादीत नववी म्हणून घातली आणि यादीतले पुढचे आकडे एकेकाने वाढवले. मजकुरातले आकडे वाढवायचे राहून गेले.

पुस्तिका छापून आली. बुडालेल्या गावांच्या आकड्यावर दहाची खूण होती. तिचा आधार होता एक जुने वर्तमानपत्र. पण यादीत दहासमोर आता एका आजींचे नाव आले. त्यांनी फक्त आपल्या घराची आणि सासूकडून ऐकलेल्या आंबेमोहराच्या खाचरांची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या नातवाने पुस्तिका वाचून दाखवली. आजी मला एवढेच म्हणाल्या, "सर, मी हे बोलले न्हाई. आन् जे बोलले, ते कुणाच्या नावावर गेलं?" मला उत्तर देता आले नाही. चूक माझी होती. ज्यांची जमीन गेली त्यांच्याजवळ शब्द तेवढा उरला होता, आणि तोही मी दुसऱ्याच्या खात्यावर टाकला. आम्ही सगळ्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवले.

शिक्षकबंधुभगिनींनो, गावाचा इतिहास लिहिणार असाल तर एवढे सांभाळा. टीपेचे आकडे हाताने घालू नका. वहीत लिहीत असाल तर कच्च्या मसुद्यात आकड्याऐवजी आधाराचे नावच लिहा आणि आकडे सर्वांत शेवटी द्या. अंकाला लागून टीपेची खूण करू नका. 'गावे ५२' यापुढे बारीक ४ आला तर कोणी ५२४ वाचेल. खूण वाक्याच्या शेवटी करावी. टीपा मागे देत असाल तर प्रत्येक प्रकरणाचे नाव आणि पृष्ठे तेथे लिहा, नाहीतर पाच प्रकरणांच्या पाच 'तीन' क्रमांकांत वाचक हरवेल. वाक्य समजायला लगेच लागणारा खुलासा पानाखाली ठेवा. आधार आणि लांब कागद मागे न्या. सांगणाऱ्याचे नाव घालण्यापूर्वी त्याला विचारा, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक टीप वाक्याशी बोट ठेवून ताडून पाहा.

मुळशीचे धरण १९२७ साली पुरे झाले आणि तिथल्या पाण्यावर भिऱ्याला वीज होऊ लागली. जुन्या गावांचे बांध आता दिसत नाहीत. त्या गावांविषयी पुढल्या पिढीने काय मानावे, हे तुमच्या वहीवर अवलंबून आहे. तेव्हा यंदा मुलांना गावातल्या एका वृद्ध माणसाकडे पाठवा. ऐकलेले लिहून आणू द्या. आणि प्रत्येक वाक्याखाली कोणी सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले, तेवढे न चुकता लिहायला लावा.