चिखलणीसाठी ट्रॅक्टरला केज व्हील बसवताना

भाताच्या खाचरात पाणी साचून माती मऊ झाली की ट्रॅक्टरच्या रबरी टायरची पकड संपते. टायरच्या खाचांत चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. डिझेल जळते, चाकाखाली खड्डा होतो, काम पुढे सरकत नाही. बर्फाळ देशांत अशा वेळी चाकांना साखळ्या बांधतात. आपल्याकडे कोकण, मावळ, इगतपुरीपासून भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांपर्यंत यावरचा उपाय म्हणजे केज व्हील, म्हणजेच लोखंडी पिंजऱ्याचे चाक.

केज व्हीलमुळे पकड वाढते. मात्र टायर घसरणे ही एका अर्थाने ट्रॅक्टरची सुरक्षाही असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ताण जास्त झाला की रबरी टायर फिरून जातो आणि ट्रॅक्टर जमिनीवर राहतो. लोखंडी पाती मातीत रुतली की चाक सहज घसरत नाही, मग तोच ताण ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. म्हणून केज व्हील बसवल्यावर वजन, जोडणी आणि बांध ओलांडण्याची पद्धतही बदलावी लागते.

पूर्ण की अर्धे?

पूर्ण केज व्हील रबरी चाक काढून त्या जागी बसवतात. अर्धे केज व्हील रबरी चाक तसेच ठेवून त्याच्या बाहेरच्या बाजूला जोडतात. लहान खाचरे आणि वारंवार बांध ओलांडावे लागणाऱ्या भागात अर्धे केज व्हील सोयीचे पडते. त्याचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी असावा. त्यामुळे कडक जमिनीवर भार टायरवर राहतो आणि चाक चिखलात बुडाल्यावरच पाती काम करतात. व्यास टायरइतका किंवा जास्त असेल तर बांधावर सगळा भार लोखंडावर येतो, बांध फुटतो आणि ॲक्सलला हादरे बसतात.

बसवण्याची पद्धत

हे काम खाचरात नव्हे, कडक व सपाट जागेवर करावे. इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी उटी लावावी. केज व्हील जड असते. दोघांनी मिळून उचलावे. तिरक्या पात्यांच्या चाकांत डावे-उजवे वेगळे असते. पुढे जाताना पाती मातीत शिरतील अशा दिशेने चाक बसवावे. उलटे बसल्यास चिखल सुटत नाही आणि पकडही मिळत नाही. नट समोरासमोरचे घेत, टप्प्याटप्प्याने आवळावेत. मग ट्रॅक्टर हळू चालवून चाक मडगार्डला किंवा रोटाव्हेटरच्या बाजूला घासत नाही ना, ते पाहावे. पहिल्या तासाभराच्या कामानंतर नट पुन्हा तपासावेत. हे तपासणे बहुतेक जण टाळतात, आणि बोल्टची छिद्रे मोठी होण्याचे कारण बहुधा तेच असते.

वजन कमी करावे

कोरड्या नांगरणीत पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरमध्ये साधारण 75 टक्क्यांपर्यंत पाणी भरतात आणि लोखंडी वजने लावतात. चिखलणीत हेच वजन ट्रॅक्टरला खाली ओढते. म्हणून चिखलणीपूर्वी टायरमधील पाणी आणि मागची वजने काढावीत. पुढची वजने मात्र सरसकट काढू नयेत. मागे जड रोटाव्हेटर असेल तर पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान 20 टक्के भार राहायला हवा. कडक जमिनीवर रोटाव्हेटर पूर्ण उचलून ट्रॅक्टर हळू वळवून पाहावा. स्टिअरिंग हलके लागले किंवा पुढची चाके वळणाला दाद देत नसतील, तर पुढे वजन हवे.

ट्रॅक्टर रुतल्यास

इथे जीवघेणे अपघात होतात. रुतलेल्या मागच्या चाकांना लाकडी ओंडका बांधून जोर देण्याची पद्धत गावोगाव दिसते. ती पूर्णपणे टाळावी. ओंडका अडकला की चाक थांबते, पण इंजिनचा जोर थांबत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धड मागच्या ॲक्सलभोवती फिरते आणि तोंड वर येते. ट्रॅक्टर मागे उलटण्याच्या स्थितीत यायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात क्लच दाबता येईल, या भरवशावर राहू नये.

चाक फिरूनही ट्रॅक्टर पुढे सरकत नसेल तर लगेच थांबावे. पीटीओ बंद करून अवजार सोडवावे. चाकांच्या मागचा चिखल खणून काढावा आणि कमी गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, आलेल्या वाटेने मागे यावे. डिफरन्शियल लॉक फक्त सरळ जाताना, चाके फिरत नसताना लावावे आणि वळण्यापूर्वी सोडावे. तरीही निघत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. टॉप लिंकला किंवा ॲक्सलला कधीही नाही. साखळी लांब घ्यावी आणि ताण येण्यापूर्वी माणसांना दूर करावे, कारण तुटलेली साखळी किंवा दोर गोळीसारखा येतो.

उंच बांध चढताना शक्यतो ट्रॅक्टर मागे घेत चढावा, म्हणजे जड बाजू वरच्या अंगाला राहते. मागे रोटाव्हेटर असल्याने हे नेहमी जमत नाही. अशा वेळी बांध तात्पुरता फोडून उतार करावा आणि काम झाल्यावर पुन्हा घालावा. अर्ध्या तासाचे कष्ट आहेत, पण घाई करू नये. ट्रॅक्टरला रोल बार असेल तर सीट बेल्ट लावावाच. मडगार्डवर कोणालाही बसवू नये. लावणीच्या दिवसांत बांधावर आवणाच्या मुड्या टाकणारी माणसे आणि मुले असतात. केज व्हीलमध्ये साडीचा पदर किंवा पाय अडकल्याचे चालकाला दिसत नाही. मुले असलेल्या खाचरात चिखलणी सुरूच करू नये.

रस्त्यावर आणि कामानंतर

डांबरी रस्त्यावर केज व्हील लावून जाऊ नये. रस्ता उखडतो, पाती वाकतात आणि कारवाईही होऊ शकते. चाके ट्रॉलीतून न्यावीत, शेतावर बसवावीत.

रोजच्या कामानंतर चाके धुऊन ॲक्सलभोवती गुंडाळलेले गवत व दोऱ्या काढाव्यात, कारण त्यांनीच ऑइल सील कापले जाते. पुढच्या हबमध्ये नवे ग्रीस भरावे. काही ट्रॅक्टरना क्लच हाउसिंगच्या तळाच्या छिद्रात चिखलणीपुरते बूच बसवावे लागते. हंगाम संपताच ते काढावे. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. असे तेल लगेच बदलावे आणि सील तपासून घ्यावे.