अल्बायसीनची छोटी बस आणि तीन वर्षांची मुदत

प्लासा नुएव्हा चौकात बस आली तेव्हा क्षणभर वाटलं, ही कुणा शाळेची असावी. लाल, आखूड, आपल्याकडच्या मिनीबसएवढी. पण रांगेतल्या तीन आज्या पुढे सरकल्या आणि मीही त्यांच्या मागून चढले. प्रत्येकीकडे चाकांची उभी पिशवी होती. एकीच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. उरलेली सगळी जागा आम्ही पर्यटकांनी भरून टाकली. दार लागता लागता फुटपाथवरच्या एका आजोबांना ड्रायव्हरने हातानेच ‘पुढची घ्या’ असं सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्यांच्या बसमधली त्यांची जागा मी घेतली आहे, हे मला चांगलंच जाणवलं.

ही बस आहे दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातली. ग्रानादा म्हटलं की अल्हाम्ब्रा आठवतो. तांबूस भिंतींचा राजवाडा, मागे बर्फाचे डोंगर, संध्याकाळचा प्रकाश. इन्स्टाग्रामवर हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो ज्या टेकडीवरून काढतात तिचं नाव अल्बायसीन. राजवाड्याची टेकडी इकडे, अल्बायसीन तिकडे आणि मधल्या घळीतून वाहणारी दारो ही छोटी नदी. फोटोत अल्बायसीन कधीच येत नाही, कारण फोटो काढणारा तिथेच उभा असतो. मला त्या न दिसणाऱ्या टेकडीची गोष्ट सांगायची आहे.

निघण्याआधी चौकातली एक इमारत लक्षात ठेवा. दगडी, भारदस्त, मधोमध मोठा दरवाजा. स्पेनच्या राजाचं दक्षिणेतलं वरिष्ठ न्यायालय इथे होतं. समोरचा दर्शनी भाग 1587 मध्ये पूर्ण झाला. फेरी संपवून आपण परत इथेच येणार आहोत.

चौक संपतो तिथे सांता आना चर्चपाशी दारो नदी जमिनीखाली गुडूप होते. अख्खा चौक नदीवर छत घालूनच उभा केलेला आहे. तिथून बस नदीकाठच्या रस्त्याला लागते आणि मग ती एवढी छोटी का, ते कळतं. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला नदीचा कठडा आणि मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. पायी चालणारे लोक बस आली की दारांच्या कोनाड्यांत पाठ टेकवून उभे राहतात. आरसा कुणाच्या तरी नाकासमोरून सरकतो. बसमधल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. आज्या आपल्या गप्पांत रंगलेल्या.

ही रुंदी हजार वर्षांपूर्वी ठरली. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या झिरी घराण्याने 1013 च्या सुमारास आपली राजधानी इथे हलवली. जवळच्या एल्व्हिरा गावातली वस्तीही त्यांच्याबरोबर या टेकडीवर आली. गल्ल्या माणसं आणि ओझ्याची खेचरं यांच्या मापाने पडल्या. अंदालुसियाच्या उन्हाळ्यात अरुंद गल्लीचा फायदाही होता, समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. पुढे राज्यं बदलली, भाषा बदलली, देव बदलले. गल्ल्यांची रुंदी मात्र बरीचशी तीच राहिली.

याच रस्त्यावर डाव्या हाताला एका साध्या घराच्या पोटात अकराव्या शतकातला हमामखाना आहे. नाव बान्युएलो. आत गेलात तर घुमटाकार छताला ताऱ्यांच्या आकाराची भोकं दिसतात, त्यांतून उजेडाचे खांब खाली उतरतात. दगडी खांबांवरचे नक्षीदार माथे तर त्याहूनही जुने, रोमन आणि व्हिसिगॉथ काळातल्या इमारतींतून काढून आणून इथे बसवलेले. मुसलमान राजवटीनंतर ग्रानादातले बरेचसे हमाम पाडले गेले. हा वाचला.

पुढे रस्ता वळतो आणि कुएस्ता देल चापीस नावाचा चढ सुरू होतो. बस पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर जाते. उभं राहिलेल्यांनी दांडी घट्ट धरायची, पिशव्यांची चाकं पायाने अडवायची. चढावर सोळाव्या शतकातली दोन जुळी घरं लागतात. ती बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमान कुटुंबांची होती. आज तिथे अरबी भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था आहे, 1932 मध्ये सुरू झालेली. ज्या वस्तीत अरबी बोलणं एकदा गुन्हा ठरलं, तिथेच ती आता अभ्यासाचा विषय आहे.

एवढ्या उंचीवर पाणी कसं यायचं? पाटाने. कोकणात वाढलेल्या कुणालाही हे लगेच समजेल. अल्फाकार गावाजवळच्या मोठ्या झऱ्यातून डोंगराच्या कुशीने वळणं घेत एक पाट थेट अल्बायसीनच्या माथ्यापर्यंत आणला होता. त्याचं नाव आयनादामार, अरबीत ‘अश्रूंचा झरा’. हे पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे. स्पॅनिशमध्ये त्या टाकीला ‘अल्खिबे’ म्हणतात आणि तो शब्द अरबीच. आपला ‘हौद’सुद्धा अरबीतूनच फारसीमार्गे मराठीत आला. अशा विटांच्या कमानीच्या टाक्या अल्बायसीनमध्ये अजून कितीतरी ठिकाणी दिसतात, बहुतेक चर्चच्या शेजारी. कारण चर्च जिथे आहे तिथे आधी मशीद होती, आणि मशिदीला वजूसाठी पाणी लागायचं. (कवी लोर्काला 1936 च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या त्या याच झऱ्याच्या परिसरात. अश्रूंच्या झऱ्याचं नाव त्यानंतर फार जड झालं.)

चढ संपल्यावर लागतं साल्व्हादोर चर्च. ही जागा अल्बायसीनच्या मुख्य मशिदीची. मशीद गेली, पण तिचं अंगण चर्चच्या पोटात राहिलं आहे. इथून पुढची गोष्ट जरा सावकाश ऐका.

नोव्हेंबर 1491 मध्ये ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल याने राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो यांच्याशी तह केला. 2 जानेवारी 1492 रोजी शहर त्यांच्या ताब्यात गेलं. तहात स्पष्ट लिहिलं होतं की मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा, रीतिरिवाज यांना हात लागणार नाही. पहिला आर्चबिशप तालाव्हेरा हा समजुतीने घेणारा होता. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी असा त्याचा आग्रह असे. पण 1499 मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला. त्याला घाई होती. सक्तीचे बाप्तिस्मे झाले, अरबी पुस्तकांची होळी झाली, अल्बायसीनमध्ये उठाव झाला. उठाव केलात म्हणजे तह तुम्हीच मोडलात, असा अर्थ सरकारने काढला. काही वर्षांत पर्याय उरले दोनच, बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. या लोकांना मोरिस्को म्हणू लागले.

कागदावर ते ख्रिश्चन होते. घरात अरबी होती, लग्नात गाणी होती, बायकांच्या अंगावर जुना पेहराव होता. तेही पुसायचं ठरलं. 1 जानेवारी 1567 रोजी, शहर जिंकल्याच्या पंचाहत्तराव्या वर्षाच्या तोंडावर, ग्रानादात हुकूम जाहीर झाला. तीन वर्षांत कास्तिलियन शिका, नंतर अरबी बोलायची नाही, वाचायची नाही, लिहायची नाही, घरातसुद्धा. पेहराव बंद. अरबी नावं बंद. हमाम बंद. शुक्रवारी आणि सणावारी घराची दारं उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल.

तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले हा वयोवृद्ध मोरिस्को गृहस्थ पुढे आला. लहानपणी तो तालाव्हेराच्या पदरी होता. त्याने न्यायालयाचा अध्यक्ष पेद्रो दे देसा याच्यापुढे एक निवेदन मांडलं. ते आज वाचताना अंगावर येतं ते त्यातल्या शांतपणामुळे. त्यात आक्रोश नाही, एकेक मुद्दा आहे. पेहराव हा प्रांताचा असतो, धर्माचा नसतो. तुर्कस्तानातले आणि मोरोक्कोतले मुसलमानही वेगवेगळे कपडे घालतात. अरबी बोलल्याने माणूस मुसलमान होत नाही, पूर्वेकडचे ख्रिश्चनही अरबीच बोलतात. हमाम अंग धुण्यासाठी असतात. गरीब बाईने असलेले कपडे टाकून नवे कुठून आणायचे? नावं बदलली तर कोण कुणाच्या घराण्यातला हे कसं कळणार? आणि म्हाताऱ्या माणसांनी तीन वर्षांत नवी भाषा शिकायची तरी कशी?

हुकूम मागे घेतला गेला नाही.

‘तीन वर्षं’ हे वाचताना मी थबकले, कारण ही मुदत मला गोव्याच्या इतिहासातून ओळखीची होती. 1683 च्या अखेरीस संभाजी महाराजांनी गोव्यावर चढाई केली तेव्हा तिथे आल्व्होरचा काउंट हा व्हाईसरॉय होता. संकट टळल्यावर काही महिन्यांतच, जून 1684 मध्ये, याच व्हाईसरॉयने फर्मान काढलं. स्थानिक भाषा सोडा, पोर्तुगीज बोला, मुदत तीन वर्षं. आणि 1736 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने पेहराव, लग्नातल्या रूढी, अंगणातली तुळस यांवर बंदीची लांबलचक यादी जाहीर केली. अल्बायसीनची यादी आणि गोव्याची यादी शेजारी ठेवा. मधे पावणेदोनशे वर्षं आणि एक समुद्र आहे, पण लिहिणाऱ्याची नजर तीच आहे. तिला कपड्यांत, गाण्यांत, नावांत सगळीकडे संशय दिसतो.

तरी कोकणी टिकली. 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली. ग्रानादाची अरबी मात्र संपली. माझ्या मते एक मोठं कारण असं, की गोव्यात माणसं राहिली. ज्यांना राहवलं नाही ती नदी ओलांडून फोंड्याकडे गेली, मंगेशीसारखी आपली दैवतंही सोबत घेऊन. आणि भाषा हाकेच्या अंतरावर जिवंत राहिली. अल्बायसीनमध्ये माणसंच उचलली गेली.

ते असं झालं. 1568 च्या नाताळात ग्रानादाच्या दक्षिणेकडच्या आल्पुखारास डोंगरात मोरिस्कोंनी बंड केलं. त्यांची एक तुकडी रात्री अल्बायसीनमध्ये शिरली, गल्ल्यांतून हाका मारत फिरली. अल्बायसीन उठलं नाही. दारं बंदच राहिली. पण जून 1569 मध्ये याच लोकांना आपापल्या पॅरिशच्या चर्चमध्ये जमायला सांगितलं गेलं. तिथून दहा ते साठ वर्षांच्या पुरुषांना पहाऱ्यात खाली हॉस्पिताल रेआल या मोठ्या रुग्णालयाच्या इमारतीत नेलं आणि मग शहराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी उरलेल्या प्रांताची पाळी आली. इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे 80,000 माणसं हलवली गेली. एकत्र राहू नयेत म्हणून त्यांना कास्तिलच्या गावागावांत विखरून टाकलं. कित्येक वाटेतच थंडीने, भुकेने, तापाने मेले. आणि 1609 पासून अख्ख्या स्पेनमधूनच मोरिस्कोंची हकालपट्टी सुरू झाली.

सान निकोलास चौकात बस जवळजवळ रिकामी झाली. फोटोचा कठडा इथेच आहे. गिटार, बांगड्या विकणारे, शेकडो फोन समोरच्या राजवाड्याकडे रोखलेले. शेजारीच 2003 मध्ये उघडलेली पांढरी मशीद, ग्रानादात पाचशेहून अधिक वर्षांनी बांधलेली पहिली. मीही फोटो काढला. मग पाठ फिरवून वस्तीकडे पाहिलं.

उंच पांढऱ्या भिंती, भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल, आत डाळिंबाची आणि सुरूची झाडं. अशा बागवाल्या घराला इथे ‘कार्मेन’ म्हणतात, अरबी ‘कर्म’ म्हणजे द्राक्षवेल यावरून. कार्मेन ही अल्बायसीनची शान आहे. या टेकडीला 1994 मध्ये जागतिक वारसा यादीत अल्हाम्ब्राच्या जोडीने स्थान मिळालं त्यात या बागांचाही वाटा आहे. पण इतक्या दाटीच्या वस्तीत एवढ्या मोठ्या बागांना जागा कुठून आली? माणसं गेल्यावर घरं ओस पडली, ढासळली. मग तीन-चार घरांच्या जागा एकत्र करून कुणी एकाने भिंत घातली आणि आत झाडं लावली. सगळ्याच बागा अशा नसतील, पण पुष्कळ अशाच झाल्या. आपण ज्या शांततेचं कौतुक करतो ती कुणाच्या तरी न्हाणीघरावर, माजघरावर, अंगणावर उगवलेली आहे.

हे कळल्यावर सौंदर्य कमी होत नाही. पण ते निरागस राहत नाही.

परतीच्या बसमध्ये पुन्हा एक आजी शेजारी आल्या. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी विचारलं, इथेच राहता का? त्या म्हणाल्या, जन्मापासून. मग बोटाने बाहेर दाखवत गेल्या. हे घर पर्यटकांना भाड्याने. तेही. ते निळ्या दाराचंसुद्धा. किराण्याचं दुकान होतं तिथे आता स्कूटर भाड्याने मिळतात. आवाजात राग नव्हता. फक्त मोजदाद होती. मला नुन्येस मुलेचं निवेदन आठवलं, तोच मुद्देसूदपणा. सक्तीने रिकामी केलेली वस्ती आणि भाड्याच्या पैशाने रिकामी होत जाणारी वस्ती यांची बरोबरी मी करणार नाही. पहिल्यात माणसं पहाऱ्यात चालत गेली. पण दोन्ही वेळा राहणाऱ्यांना कुणी फारसं विचारलं नाही, एवढं खरं.

बस उतरणीने एल्व्हिरा वेशीच्या बाजूला आली. तिथून हॉस्पिताल रेआल चालत काही मिनिटांवर आहे. आज ते ग्रानादा विद्यापीठाचं मुख्य कार्यालय. विद्यार्थी आत-बाहेर करत असतात. आजी तिथेच कुठेतरी उतरल्या.

मी शेवटपर्यंत बसून राहिले. प्लासा नुएव्हामध्ये उतरले तेव्हा न्यायालयाच्या इमारतीवर ऊन आलं होतं. नुन्येस मुलेने आपले मुद्दे मांडले त्या न्यायालयाची ही इमारत. आत तेव्हा काही ऐकलं गेलं नाही, पण मुद्दे लिहिलेले होते म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

समोर पुढची बस लागली होती. पर्यटकांची रांग मोठी होती आणि शेवटी चाकांची पिशवी घेतलेले एक आजोबा उभे होते. ते सकाळचेच होते की दुसरे, सांगता येणार नाही. पुन्हा वर जायचा मोह झाला होता. पण मी पायीच निघाले.