बांधीतले सारस

आमच्या झाडीपट्टीत पर्यावरण हा विषय पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी बांधीत होता. मामा तलावाचं पाणी कोणत्या पाटानं कुठं जाते, बोडीत मासोळ्या कधी चढतात, हे पोरांना आजानं शिकवलं. 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. महाराष्ट्रातले बहुतेक सारस याच्याच वाट्याला आले. सारस घरटं करतो ते बोडीत, नाहीतर धानाच्या बांधीत. अंडी बहुधा दोनच. तेवढ्या जागेचं धान मात्र जातं. चिडून कोणी अंडी काढून फेकली, तर रोज पाहायला कोणता वनरक्षक येणार? म्हणून गोंदियाच्या 'सेवा' संस्थेची मंडळी शेतकऱ्यांकडं गेली, शाळांतही गेली. शाळेत ऐकून आलेलं पोरगं घरी म्हणते, "बाबा, ते घरटं मोडू नोको."

आज जिल्ह्यात शंभर सारसही नाहीत. जे आहेत, ते कोण्या शेतकऱ्यानं चार ओंब्या सोडल्या म्हणून आहेत.